‘गेलेत’मधला ‘त’

नववीच्या वर्गाला ‘गॉन’ आणि ‘बीन’ शिकवायची वेळ आली की मी आदल्या दिवसापासून चिडचिड करायला लागते. धडा तसा सोपा आहे. ‘ही हॅज बीन टू ओझर’ म्हणजे तो ओझरला जाऊन आलाय, आता घरी बसून प्रसाद वाटतोय. ‘ही हॅज गॉन टू ओझर’ म्हणजे गेलाय, अजून तिकडंच आहे. ओझरचं उदाहरण मुलांना लगेच कळतं, कारण घरातलं कुणी ना कुणी चतुर्थीला गणपतीला जाऊन आलेलं असतंच. म्हणून मी दर वर्षी ओझरच घेते. पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ही हॅज गॉन टू घाटघर.” वाक्य अगदी बरोबर होतं. मुलगी शाळेत नवी होती, तिला आमच्या घरचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. मी “व्हेरी गुड” म्हटलं, फळ्याकडे तोंड केलं आणि घंटा होईपर्यंत पुसलेलाच फळा पुसत राहिले.

घाटघरला माझा दादा गेला होता.

आम्ही बोरी बुद्रुकचे. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरंच होती, आणि मेंढरं जातील तिकडं घर जायचं. वडिलांनी जमीन धरली. दादानं ऊस केला, कांदा केला, तरी थोडी मेंढरं हौसेनं ठेवली होती. त्यांच्या लोकरीच्या घोंगड्या करून घ्यायचा आणि पावसाळ्यात वर डोंगरातल्या ओळखीच्या घरी नेऊन द्यायचा. भाताच्या खाचरात दिवसभर वाकायचं तर पाठीवर घोंगडीच पाहिजे, प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडून जातो, असं तिकडची माणसं म्हणतात. त्या दिवशीही मोटरसायकलला घोंगड्या बांधून तो घाटघरला गेला. ज्यांच्याकडे गेला त्यांनी नंतर सांगितलं, की त्यानं घोंगड्या दिल्या, चहा घेतला, ‘येतो’ म्हणाला आणि निघाला. घाटघरहून आमच्याकडे यायचं तर गाडी जुन्नरच्या अंगाला वळवायची. दादाची गाडी सापडली उलट्या दिशेला, नाणेघाटाच्या तोंडाशी, साइड स्टँडवर नीट लावलेली, किल्ली गाडीलाच. धुकं इतकं दाट होतं की गाडी सापडली तीसुद्धा कुणीतरी तिच्यावर जाऊन आदळलं म्हणून.

दोर घेऊन पोरं दरीत उतरली. पोलीस येऊन गेले. खाली कोकणातल्या गावांत विचारून झालं. काहीही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही. पण तो घाट पायी उतरता येतो, पूर्वापार माणसं उतरत आली आहेत. त्यामुळं ‘खाली उतरला असेल’ असं म्हणायला जागा राहिली, आणि आमचं सगळं घर त्या एवढ्याशा जागेत राहायला गेलं. दादाची मुलगी तेव्हा बालवाडीत जात होती.

मी त्याच्या आधीच माहेरी परत आले होते. माझा नवरा आजारानं वारला. वारला, साधा भूतकाळ, पुढं पूर्णविराम. मी रडले, दिवस केले, मग गावाजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. दुःख होतं, पण त्याचं वाक्य पुरं झालेलं होतं. वहिनीकडे तेवढंही नव्हतं.

आपल्याकडे ‘गेले’ म्हणजे बाजारात गेले आणि ‘गेले’ म्हणजे वारलेही. दोन्हींमध्ये फरक करायला पुढं एक ‘आहेत’ लागतं. सुरुवातीला फोन यायचे, खतवाल्याचा, कांद्याच्या व्यापाऱ्याचा. दादा हायेत का, असं कुणी विचारलं की वहिनी म्हणायची, “बाहेर गेल्यात.” पुस्तकी बोलायचं तर ‘बाहेर गेलेत’. शेवटचा तो ‘त’ म्हणजे ‘आहेत’चं उरलेलं शेपूट. त्या शेपटाला धरून वहिनीनं माझ्या भावाला जिवंत ठेवलं होतं. कुणी चुकून ‘ते गेले तेव्हा’ म्हणालं तर ती त्या माणसाकडे अशी बघायची की पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहायचं.

हळूहळू शेपटाशिवायचं ‘गेले’ आमच्या घरातून नाहीसं झालं. आम्ही लाईट गेली म्हणत नाही, लाईट नाही म्हणतो. एसटी चुकली तर एसटी गेली म्हणत नाही, एसटी पुढं आहे म्हणतो. भाची लहान असताना शेजाऱ्यांची म्हैस मेली. ही धावत घरी आली आणि म्हणाली, “आत्या, त्यांची म्हैस बाहेर गेलीय!” मला हसू फुटलं. वहिनी हसली नाही. तिनं पोरीला जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलंच नाही.

एवढी वर्षं व्याकरण शिकवून मला जे कळलं नव्हतं ते वहिनीमुळं कळलं. ‘दार उघडलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी उघडलं, कधी उघडलं? ‘दार उघडं आहे’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. क्रियापद चौकशा करतं. विशेषण नुसतं बसून राहतं. गावालाही हे न शिकता ठाऊक असावं, कारण काय झालं हे विचारायचं सोडून लोकांनी वहिनीच्या नवऱ्याला विशेषणं लावून पाहिली. पोलिसांनी ‘बेपत्ता’ म्हटलं, ते तिनं सरकारी शब्द म्हणून सोडून दिलं. नात्यातलं कुणीतरी ‘हरवलेले’ म्हणालं, तेव्हा मात्र तिचा पारा चढला. “हरवायला त्ये काय मेंढरू हायेत? मेंढरू हरवतं. मेंढरामागचा माणूस न्हाई हरवत,” असं तिनं त्या माणसाला तोंडावर सुनावलं आणि त्याच्यापुढचा चहा उचलून आत नेला.

एक विशेषण मात्र तिनं घट्ट धरून ठेवलं, ‘सवाष्ण’. हिरव्या बांगड्या, कुंकू, सगळं तसंच. एका संक्रांतीला शेजारच्या घरी आम्ही दोघी हळदीकुंकवाला गेलो. मी दाराशी बसले, मला कुंकू लावायचा प्रश्नच नव्हता. घरातली बाई एकेकीला कुंकू लावत वहिनीपर्यंत आली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. वाईट मनाची नाही ती बाई. तिला फक्त कळेना की आपण शुभ करतोय की अशुभ.  तेव्हा वहिनीच पुढं वाकली आणि तिनं आपलं कपाळ त्या बोटाला टेकवलं.  मला तिचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तिची भीती वाटली होती.

एकदा पावसाळ्यात तिनं हट्ट धरला म्हणून आम्ही घाटघरला गेलो, ज्यांना दादानं घोंगड्या दिल्या त्यांच्या घरी. एसटीतून उतरून चालायला लागलो तर दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. खाचरातल्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. वळणावर धुक्यातून एक पाठमोरा माणूस दिसला, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला, दादासारखा जरा डावीकडे कलून चालणारा. वहिनी माझा हात झिडकारून धावली आणि तिनं हाक मारली, “अवं!” ती दादाला अशीच हाक मारायची. माणूस वळला. ते तिथलेच, ज्यांच्याकडे आम्ही निघालो होतो ते घरधनी होते, आणि अंगावर दादानं दिलेलीच घोंगडी होती. बिचारे इतके ओशाळले की तिथंच घोंगडी काढून वहिनीपुढं धरली, “घ्या ताई, तुमचीच हाय.” वहिनी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. त्यांनी दिलीय ती तुमास्नी.” ‘दिली’ नाही म्हणाली, ‘दिलीय’ म्हणाली. जेवताना तिनं नाचणीची भाकरी आवडीनं खाल्ली, शेतीच्या गप्पा मारल्या. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले होते, कारण पाठमोरं पाहिलं तेव्हा मीसुद्धा तोंड उघडलं होतं, फक्त हाक फुटली नव्हती.

दादाची गाडी आमच्या गोठ्याच्या पडवीत उभी असते. नुसती ठेवली तर इंजिन धरतं, म्हणून भाची मोठी झाल्यापासून दर रविवारी किक मारून ती थोडा वेळ सुरू ठेवते. तो आवाज झाला की आमचा कुत्रा उठतो आणि पडवीकडे न जाता फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहतो. दादा घरात नसतानाच्या काळात जन्मलेला कुत्रा आहे तो, त्यानं दादाला कधी पाहिलेलं नाही. आम्ही बघतो म्हणून तो बघायला शिकला. वहिनीचा हात परातीत थांबतो. गाडी कोण सुरू करतंय हे मला समोर दिसत असतं, तरी माझी मान रस्त्याकडे वळतेच.

तर अशा घरात वाढलेली ही भाची. नर्सिंग पुरं केलं, चांगले मार्क मिळवले. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेली. सगळं इंग्रजीत. कामाचे प्रश्न झाले, मग घरचं विचारलं. आई शेती करते, आत्या शिक्षिका आहे, इथपर्यंत गाडी छान चालली. “अँड युअर फादर?” तिथं ती थांबली. जखमेचं ड्रेसिंग करताना, रक्त बघताना हात न कापणारी मुलगी त्या एका प्रश्नावर गप्प झाली ती झालीच. त्यांनी पाणी दिलं, पुन्हा विचारलं, ही गप्पच. नोकरी गेली, म्हणजे आमच्या भाषेत, नोकरी मिळाली नाही.

मग दुसऱ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. ही मुलाखत मोबाईलवरच, व्हिडिओ कॉलवर होणार होती. आता जर ही पण हातची सुटली तर मी नर्सिंगच सोडते, कांदे काढायला जाते, असं तिनं मला सांगितलं, आणि ती बोलते तसं करते, बापासारखी. दुपारी ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली.

“आत्या, मला एक वाक्य दे. बाबांबद्दल. एकच दे, पण घशात न अडकणारं दे.”

“तुला काय म्हणायचंय ते सांग, मी इंग्रजी करून देते.”

“मला काय म्हणायचंय त्येच तर मला माहीत नाय. मला बाबा नीट आठवतपण नाय गं. मला फक्त वाक्य पाहिजे.”

वहिनी पलीकडे सुपात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिला इंग्रजी येत नाही. पण लेकीचा आवाज कुठल्या शब्दावर बसतो हे तिला बरोबर कळतं, त्यामुळं तिच्यासमोर इंग्रजी बोलूनही काही लपत नव्हतं.

आम्ही एकेक वाक्य अंगाला लावून बघायला सुरुवात केली. ‘माय फादर इज अ फार्मर.’ साधा वर्तमानकाळ, शाळेत असताना ती हेच लिहायची. पण मग ते विचारणार, काय लावलंय, किती जमीन आहे, आणि ही पुढं काय सांगणार? ‘माय फादर वॉज अ फार्मर.’ हे म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ‘वॉज’पाशीच आवाज चिरका झाला. शेंगा सोलणारे हात थांबले. आम्ही ते वाक्य सोडून दिलं. ‘ही इज मिसिंग’ म्हणावं तर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत लगेच उत्सुकता जागी होणार, आणि तीच हिला नको होती. ‘ही इज गॉन’ मी सुचवलंसुद्धा नाही. शेवटी ती वैतागून म्हणाली, “वॉर्डात म्हणतो तसं म्हणू का? ही हॅज एक्स्पायर्ड?”

वहिनीनं मान वर केली. “एक्स्पायर? त्ये काय औषध हाय व्हय?” फवारणीच्या बाटल्यांवरचा तो शब्द तिला पाठ आहे.

भाचीला हसू आलं, मलाही. हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, “मग माय लेट फादर म्हणते.” आणि ती दचकली. मी दचकले. कैलासवासी माणसाला इंग्रजीत ‘लेट’ म्हणतात.

“लेट?” वहिनी म्हणाली. “येष्टी लेट हाय म्हणत्यात, तसं?”

 भाची हळूच म्हणाली, “हां आई. तसंच.”

“मग त्येच सांग की! लई बरं हाय त्ये. लेट झालंय त्यास्नी. खोटं न्हाई का काय न्हाई.” वहिनीचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

आता माझ्यातल्या मास्तरणीची पंचाईत बघा. ‘माय लेट फादर’ म्हणजे माझे कैलासवासी वडील. ‘माय फादर इज लेट’ म्हणजे माझ्या वडिलांना यायला उशीर झालाय. मेलेल्या माणसाबद्दल ‘लेट’ नामाच्या आधी येतो, नंतर नाही. आमच्या भागात सर्रास सगळे ‘फादर इज लेट’ म्हणतात आणि त्यांना ‘वारले’ म्हणायचं असतं. दर वर्षी पेपरात मी हे वाक्य लाल शाईनं खोडत आले. पण पुण्यात मुलाखत घेणारी माणसं आमच्यासारख्यांची असली वाक्यं रोज ऐकत असणार. ती अर्थ लावतील, मान हलवतील आणि पुढचा प्रश्न विचारतील. शेजारी बसलेल्या आईला ते वेगळं ऐकू येईल. आणि पोरीला दोन्हींतलं काहीच निवडावं लागणार नाही. व्याकरणात चूक असलेलं, आणि आमच्या घरात उच्चारता येईल असं ते एकच वाक्य होतं.

मी ते तिच्याकडून घोटून घेतलं. “माय फादर इज लेट.” पुन्हा म्हण. “माय फादर इज लेट.” घशात अडकत नव्हतं. पण प्रत्येक वेळी ती ‘इज लेट’ म्हणायची आणि मला वाटायचं, आता फाटक वाजणार. इतकी वर्षं जे कुणी स्पष्ट बोललं नव्हतं ते आम्ही भरदुपारी पाठ करत होतो, की तो वाटेत आहे, निघालाय, फक्त पोचला नाही. तो आला तर कसा दिसेल, किती भिजलेला असेल, मला ओळखेल का, असलं काहीबाही माझ्या मनात यायला लागलं. मला तो यायला नको होता. माझ्या सख्ख्या भावाची मला इतकी भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ओट्यावर खुर्ची मांडली, कारण रेंज तिथंच येते. भाचीनं पांढरा ड्रेस घातला, केस चापून बसवले. मी मोबाईलच्या मागं, चित्रात न येईल अशी बसले. वहिनीला आत बस म्हटलं तर ऐकेना, माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. समोरून एक बाई बोलत होत्या, आवाज शांत, मोठ्या मायेचा. सलाईन, इंजेक्शन, रात्रपाळी, सगळं विचारून झालं. पोरगी न अडखळता उत्तरं देत होती. मग त्यांनी घरचं विचारलं. आई झाली, आत्या झाली.

“अँड युअर फादर?”

मोबाईलच्या मागं मी नुसत्या ओठांनी ते वाक्य म्हटलं.

“माय फादर इज लेट, मॅडम,” भाची म्हणाली. स्वच्छ, एका दमात.

वहिनीनं समाधानानं मान हलवली.

 मग त्या बाई हळुवारपणे म्हणाल्या, “ओह. आय अ‍ॅम सो सॉरी, डिअर.”

“थँक यू, मॅडम,” असं म्हणून भाचीनं पुढचा प्रश्न घेतला. शेवटी त्यांनी कधीपासून येऊ शकशील असं विचारलं, म्हणजे काम झाल्यातच जमा होतं. कॉल बंद झाला तशी ती खुर्चीतून उडाली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थोपटत होते, हसत होते, रडत होते.

वहिनी उठली नव्हती.

“वन्सं,” ती म्हणाली, “ती बाई सॉरी का म्हणाली?”

“आई, तसं म्हणायची पद्धत असती,” भाची घाईघाईनं म्हणाली.

“मला ठावं हाय सॉरी. ज्याला उशीर झाला त्यानं म्हणायचं असतं. ह्यास्नी लेट झालंय, तर ह्यांनी म्हणावं सॉरी. तिनं का म्हणावं?”

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी शिक्षिका, मला काहीतरी सुचायला हवं होतं. एकही काळ सुचला नाही.

वहिनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं पदर कपाळावर ओढला, माझ्या अगदी जवळ सरकली आणि फाटकाकडे एकदा बघून दबक्या आवाजात म्हणाली,

“आपून तर कुणाला, एकमेकींना बी, काय बोललो न्हाई. मग तिला कसं कळलं?”